आश्रयाचा अर्ज आणि तो लिहून देणारे हात

१/ २६ सप्टेंबर १९४०. फ्रान्सच्या सीमेला लागून असलेले स्पेनमधील पोर्टबू हे समुद्रकाठचे लहानसे गाव. पिरेनीज पर्वताची चढण पायी पार करून ४८ वर्षांचे, हृदयविकाराने थकलेले एक जर्मन ज्यू विचारवंत तेथे पोहोचले. नाव वॉल्टर बेंजामिन. त्यांच्याजवळ अमेरिकेचा व्हिसा होता. स्पेनमधून पुढे जाण्याचा परवाना होता. एकच कागद नव्हता : फ्रान्स सोडण्याची परवानगी.

२/ स्पॅनिश पोलिसांनी सांगितले की, हा कागद नसलेल्यांना फ्रान्समध्ये परत पाठवले जाईल. परत जाणे म्हणजे गेस्टापोच्या हाती पडणे. त्या रात्री बेंजामिन यांनी आपले जीवन संपवले. त्यांच्याबरोबर आलेल्या मंडळींना नंतर पुढे जाऊ देण्यात आले. विसाव्या शतकातील एका श्रेष्ठ समीक्षकाचा अंत असा एका शिक्क्यापाशी झाला.

३/ निर्वासितांचा इतिहास सहसा सीमा, छावण्या आणि जहाजे यांच्या चित्रांतून सांगितला जातो. त्या इतिहासाचा मोठा भाग मात्र टेबलाशी घडला आहे. कोणी अर्ज लिहिला, कोणी पुरावा जोडला, कोणी हमी दिली, कोणी मुदत संपण्याआधी शिक्का मिळवला, यावर माणसे जगली किंवा मेली. हा धागा त्या टेबलाविषयी आणि तेथे बसून परक्यांचे अर्ज लिहून देणाऱ्यांविषयी आहे.

४/ मराठी वाचकाला अर्जनवीस ठाऊक आहे. तहसील कचेरीच्या आवारात, झाडाखाली टेबल मांडून बसलेला. समोरचा माणूस आपली कहाणी जशी आठवेल तशी सांगतो आणि अर्जनवीस तिला सरकारला कळेल अशा भाषेत उतरवतो. निकाल देण्याचा अधिकार त्याला नसतो. तरी त्याच्यावाचून कित्येकांचे म्हणणे कचेरीच्या उंबऱ्याआत पोहोचतच नाही. छळातून पळालेल्या माणसाला अशाच हाताची गरज असते. फरक इतकाच की, त्याचा अर्ज फेटाळला गेला तर जमिनीच्या तुकड्याऐवजी जीव जातो.

५/ ही गरज निर्माण कशी झाली? पहिल्या महायुद्धाआधी युरोपातील बऱ्याच देशांत पारपत्राशिवाय प्रवास करता येत असे. युद्धाने सीमांवर पहारे बसवले आणि पारपत्र अटळ झाले. त्यातच रशियन क्रांतीनंतर देश सोडलेल्या लाखो लोकांचे नागरिकत्व सोव्हिएत सरकारने १९२१ साली काढून घेतले. ही माणसे जिवंत होती, पण कोणत्याही सरकारच्या दप्तरी ती आता कोणाचीच नव्हती.

६/ राष्ट्रसंघाने निर्वासितांसाठी उच्चायुक्त नेमला : नॉर्वेचे ध्रुवप्रदेश संशोधक फ्रित्योफ नान्सेन. त्यांच्या पुढाकाराने १९२२ साली राज्यहीन माणसांसाठी एक ओळखपत्र निघाले. लोक त्याला ‘नान्सेन पारपत्र’ म्हणत. पुढे पन्नासहून अधिक देशांनी ते मान्य केले. कोणत्याही देशावर त्या कागदाने आश्रयाची सक्ती केली नाही, मात्र धारकाला दारापर्यंत जाऊन आपले नाव सांगण्याची सोय झाली. त्याच वर्षी नान्सेन यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

७/ १९३३ नंतर जर्मनीतील आणि १९३८ नंतर ऑस्ट्रियातील ज्यू बाहेर पडू लागले तेव्हा मात्र दारे मिटत चालली होती. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जमले. सहानुभूती सर्वांनी व्यक्त केली. मोठ्या संख्येने निर्वासित घेण्याची तयारी दाखवली ती केवळ डॉमिनिकन प्रजासत्ताकाने. उघड नकार देणे कोणालाच शोभणारे नव्हते, म्हणून नकाराचे काम पुढे कागदांनी केले.

८/ अमेरिकेचे उदाहरण घ्यावे. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाचा वार्षिक कोटा ठरलेला होता. शिवाय अर्जदार सरकारवर भार होणार नाही अशी अमेरिकेतील व्यक्तीची आर्थिक हमी, जन्माचे दाखले, वैद्यकीय तपासणी आणि जहाजाचे तिकीट हवे. आणि जर्मन पोलिसांकडून मिळालेला सद्वर्तनाचा दाखलाही हवा! ज्याच्यापासून पळायचे, त्याच्याकडूनच चांगुलपणाचे प्रमाणपत्र आणायचे. एक दाखला मिळेतो दुसऱ्याची मुदत संपे आणि फेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

९/ मे १९३९ मध्ये ‘सेंट लुई’ हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन हँबर्गहून क्युबाकडे निघाले. बहुतेक सारे ज्यू. त्यांच्याजवळ क्युबात उतरण्याचे परवाने होते. पण जहाज निघण्याच्या आठवडाभर आधीच क्युबाच्या सरकारने ते परवाने रद्द ठरवले होते. ज्यांचे कागद वैध ठरले अशा २८ जणांना हवानात उतरता आले. अमेरिकेनेही आत घेतले नाही. जहाज युरोपात परतले आणि त्यातील २५४ जण पुढे नाझी संहारात मारले गेले.

१०/ या पार्श्वभूमीवर मार्सेयची गोष्ट समजून घ्यायला हवी. जून १९४० मध्ये फ्रान्सने शरणागती पत्करली. तहाच्या १९ व्या कलमानुसार, जर्मनी ज्या जर्मन व्यक्तीचे नाव देईल तिला फ्रान्सने स्वाधीन करायचे होते. हिटलरविरोधी लेखक, चित्रकार, कामगार नेते आणि शास्त्रज्ञ आश्रयासाठी फ्रान्समध्ये आले होते. कालपर्यंत जो देश आश्रय होता तो आता सापळा झाला. सारे दक्षिणेकडील मार्सेय बंदरात गोळा झाले.

११/ न्यूयॉर्कमध्ये तातडीने एक बचाव समिती स्थापन झाली आणि ऑगस्टमध्ये तिचा प्रतिनिधी मार्सेयला उतरला. व्हेरियन फ्राय, वय ३२, व्यवसाय पत्रकारिता. जवळ सुमारे २०० नावांची यादी आणि पायाला बांधून आणलेले तीन हजार डॉलर. काही आठवड्यांत काम आटोपेल अशी कल्पना होती. तो तेरा महिने राहिला. येथून पुढच्या पिढ्यांनी फ्राय यांच्याकडे वीर म्हणून पाहिले, पण त्यांचे रोजचे काम फार साधे होते.

१२/ हॉटेलच्या खोलीत टेबल मांडले जाई. सकाळपासून जिन्यात रांग लागे. एकेकाला समोर बसवून विचारायचे : नाव काय, कुठून आलात, कोण शोधत आहे, का शोधत आहे, अमेरिकेत कोणी ओळखीचे आहे का. उत्तरे कार्डावर लिहायची. रात्री सहकाऱ्यांनी एकत्र बसून प्रत्येक कार्डावर विचार करायचा आणि न्यूयॉर्कला तारा पाठवायच्या. तेथे त्या नावासाठी हमीदार शोधला जाई. थोडक्यात, अर्जनवीसाचेच टेबल. फक्त खाली गेस्टापोचे हेर फिरत असत.

१३/ सहकाऱ्यांत २५ वर्षांचा एक जर्मन ज्यू तरुण होता. तो स्वतःच निर्वासित. फ्राय त्याला ‘बीमिश’ म्हणत. खोटी ओळखपत्रे, पैशाची वाट, डोंगरातली वाट, सारे तो शोधून काढी. हेच पुढे विख्यात अर्थशास्त्रज्ञ झालेले अल्बर्ट हर्शमन. निर्वासितांना मदत करणारे पुष्कळदा स्वतः निर्वासित असतात, ही गोष्ट इतिहासात वारंवार दिसते. कोणत्या खिडकीवर काय विचारतात हे त्यांनी आपल्याच अनुभवातून शिकलेले असते.

१४/ कागदांची साखळी अशी होती. अमेरिकेचा किंवा दूरच्या एखाद्या देशाचा व्हिसा असेल तर पोर्तुगाल आपल्या भूमीतून जाऊ देई. पोर्तुगालचा परवाना असेल तर स्पेन जाऊ देई. आणि या सर्वांआधी फ्रान्सची बाहेर पडण्याची परवानगी हवी. ती मागायची म्हणजे आपले नाव आणि पत्ता ज्या सरकारला द्यायचा, त्यानेच आपल्याला जर्मनीच्या हवाली करण्याचे मान्य केलेले! अर्ज करणे हाच जेथे धोका होता, तेथे डोंगरातली पायवाट उरली. बेंजामिन त्याच वाटेने गेले होते.

१५/ मार्सेयमधील चेकोस्लोव्हाकियाच्या वाणिज्यदूतांनी फ्राय यांना पारपत्रे पुरवली. एका व्यंगचित्रकाराने शिक्के हाताने रंगवून दिले. शंभर फ्रँकला मिळणाऱ्या चिनी व्हिसाचा किस्सा फ्राय यांनी पुढे आठवणींत लिहिला : त्यावरील चिनी मजकुराचा अर्थ असा निघाला की, या व्यक्तीला चीनमध्ये पाऊल ठेवू देऊ नये. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना चिनी वाचता येत नव्हते, म्हणून तो कागद चालून गेला.

१६/ दुसऱ्या बाजूला अमेरिकी परराष्ट्र खात्यातील उपमंत्री ब्रेकिन्रिज लाँग होते. जून १९४० च्या एका अंतर्गत टिपणात त्यांनी सुचवले की, कायदा न बदलताही लोकांना रोखता येईल. वकिलातींना सांगावे की अडचणी उभ्या करा, आणखी पुरावे मागा, आणि व्हिसा लांबणीवर टाकत राहा. नकाराचा आदेश कोठेही नाही, तरी माणूस आत येत नाही. कारकुनी दिरंगाई हे हत्यार होऊ शकते याचा इतका स्पष्ट लेखी पुरावा क्वचितच सापडतो.

१७/ त्याच खात्यातला एक कनिष्ठ अधिकारी उलट दिशेने गेला. मार्सेयमधील उप-वाणिज्यदूत हायरम बिंगहॅम यांनी नियमांचा अर्थ अर्जदाराच्या बाजूने लावला, व्हिसे दिले आणि कादंबरीकार लिऑन फॉइश्टवांगर यांना स्वतःच्या घरात लपवले. १९४१ साली त्यांची तेथून बदली झाली. नियम तेच, खिडकी तीच. खिडकीमागचा माणूस बदलला की निकाल बदलत होता. ज्या व्यवस्थेत जीव वाचणे अधिकाऱ्याच्या वृत्तीवर अवलंबून असते, तिला न्याय म्हणता येत नाही.

१८/ मार्क शगाल, माक्स एर्न्स्ट, हाइनरिख मान, हॅना आरेंट, नोबेल विजेते ओटो मायरहोफ; फ्राय यांच्या समितीने हात दिलेल्यांची ही नावे जग जाणते. एकूण सुमारे दोन हजार माणसे तिच्या मदतीने बाहेर पडली असे मानले जाते. सप्टेंबर १९४१ मध्ये फ्रान्सने फ्राय यांना हाकलले. तत्पूर्वी त्यांच्याच पारपत्राची मुदत संपली होती आणि ती वाढवून देण्यास अमेरिकी अधिकारी केवळ मायदेशी परतण्याच्या अटीवर तयार होते.

१९/ येथे या गोष्टीची अवघड बाजूही सांगितली पाहिजे. मूळ यादी प्रतिष्ठितांची होती. ज्यांची पुस्तके छापली गेली, ज्यांची चित्रे संग्रहालयांत लागली, त्यांची नावे न्यूयॉर्कच्या समितीला ठाऊक होती. मार्सेयच्या रांगेत शिंपी, शिक्षक, लहान दुकानदारही उभे होते. फ्राय यांनी यादीबाहेरच्या अनेकांना मदत केली. तरी रांगेतील बहुतेकांना ‘नाही’ म्हणावे लागले. मदत ही देणगी असते तोवर ती कोणाला मिळावी हे देणाऱ्याच्या ओळखीवर ठरते.

२०/ त्याच उन्हाळ्यात, मार्सेयपासून दूर लिथुआनियातील कौनास शहरात असेच दुसरे टेबल मांडले गेले होते. पोलंडमधून पळालेले हजारो ज्यू तेथे अडकले होते आणि सोव्हिएत सैन्य येऊन बसले होते. पूर्वेकडे जपानमार्गे निसटता येत होते. पण जपानला अंतिम मुक्कामाचा पुरावा हवा होता. तो दिला डच वाणिज्यदूताचे काम हंगामी पाहणाऱ्या यान झ्वार्टेंडाइक यांनी. ते मूळचे फिलिप्स कंपनीचे स्थानिक व्यवस्थापक.

२१/ कॅरिबियन समुद्रातील क्युरसाव या डच वसाहतीत जायला व्हिसा लागत नाही, मात्र गव्हर्नरची परवानगी लागते, असा नियम होता. रीगा येथील डच राजदूतांनी वाट काढली : वाक्याचा पहिला अर्धा भाग लिहायचा आणि दुसरा गाळायचा. झ्वार्टेंडाइक यांनी ते अर्धे वाक्य दोन हजारांहून अधिक वेळा लिहून दिले. त्यात असत्य काही नव्हते. फक्त सत्य अपुरे होते.

२२/ त्या अर्ध्या वाक्याच्या आधारे जपानचे उप-वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी जपानमधून पुढे जाण्याचे व्हिसे दिले. टोकियोने परवानगी नाकारली होती, तरीही दिले. त्यांच्या यादीत २,१०० हून अधिक नोंदी आहेत आणि एकेका व्हिसावर कित्येकदा पूर्ण कुटुंब गेले. निर्वासितांच्या वतीने त्यांच्याशी बोलणी करणाऱ्यांत झोराख वारहाफ्टिग हे पोलिश ज्यू वकील होते. ते स्वतःच निर्वासित. पुढे इस्रायलचे मंत्री झाले.

२३/ मार्सेय आणि कौनास येथील या मंडळींना आज सन्मानाने आठवले जाते. तरी त्यांनी शिक्के बनवले, वाक्ये गाळली, वरिष्ठांचे आदेश मोडले, हे खरे आहे. याचा दोष कोणाकडे? ज्या व्यवस्थेने सरळ अर्जाचा रस्ता बंद केला तिच्याकडे. प्रामाणिक माणसालाही बनावट कागदाकडे ढकलणारी व्यवस्था पुढे बनावट कागदाबद्दलच निर्वासिताला गुन्हेगार ठरवते. खोटे कागद कमी व्हावेत असे ज्यांना वाटते त्यांनी खऱ्या अर्जाला मदत मिळेल अशी सोय आधी करावी.

२४/ अशी सोय प्रत्यक्षात कशी चालते याचे एक उदाहरण मुंबईत आहे. १९३४ साली मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. युरोपातून येणारा निर्वासित सरकारवर भार होणार नाही अशी हमी ब्रिटिश सरकारला हवी असे. ती हमी ही संस्था घेई, नोकरी शोधण्यास आणि कागदपत्रांस साहाय्य करी. खोटा शिक्का नाही, गाळलेले वाक्य नाही. जबाबदारी घेणारी संस्था आणि ती जबाबदारी मान्य करणारे सरकार, एवढ्यावर माणसे जगली.

२५/ अर्थात तेही सोपे नव्हते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले आणि नाझींपासून पळालेले हेच ज्यू केवळ जर्मन पारपत्रामुळे ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. अनेकांची रवानगी अहमदनगरच्या स्थानबद्धता छावणीत झाली, तीही खऱ्या नाझींच्या सोबतीने. पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी, पुन्हा हमी. असोसिएशनने त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली आणि तपासणीनंतर बहुतेकजण सुटले. आपण कोण आहोत हे छळलेल्या माणसाला दोनदा सिद्ध करावे लागले.

२६/ मुंबईला या माणसांनी काय दिले? संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ साली आले. भारताचा व्हिसा सहज मिळत होता हे त्यांच्या येण्याचे एक साधे कारण. आकाशवाणीची सकाळची ओळखधून त्यांचीच मानली जाते. वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडेन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी हुसेन, रझा, सूझा, आरा, गाडे, बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह गटाला आधार दिला. पण आश्रयाचे समर्थन या हिशेबावर उभे करू नये. ज्याने धून रचली नाही त्याचाही जीव तेवढाच मोलाचा होता.

२७/ युद्धानंतर जगाने यातून नियम बनवायला घेतले. १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यात चौदावे कलम आले. त्याच्या मसुद्यात आश्रय ‘मागण्याचा आणि मिळण्याचा’ हक्क होता. ब्रिटनच्या दुरुस्तीने तो ‘मागण्याचा आणि उपभोगण्याचा’ झाला. म्हणजे मिळालाच तर उपभोगावा. द्यायचा की नाही हे राज्याने ठरवावे. एक शब्द बदलला आणि निर्वासिताच्या हातात निखळ हक्क म्हणून एकच गोष्ट उरली : मागणे. म्हणूनच अर्जाचे महत्त्व एवढे.

२८/ १९५१ च्या निर्वासित करारात निर्वासित कोण हे ठरले : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळाची रास्त भीती असल्यामुळे देशाबाहेर असलेली व्यक्ती. तिला जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तेथे परत लोटू नये, असे ३३ वे कलम सांगते. विनापरवाना आल्याबद्दल तिला दंड करू नये, असे ३१ वे. पोर्टबू आणि मार्सेय येथील अनुभवच जणू कलमांत उतरले. १९६७ मध्ये करारावरील काळाची व प्रदेशाची मर्यादा उठली.

२९/ आता अर्जदाराच्या जागी बसून पाहावे. एखादी स्त्री सांगते, “दुकान जाळले, म्हणून पळून आले.” हे खरे आहे, पण कायद्यापुढे अपुरे. दुकान का जाळले? ती अमुक धर्माची म्हणून, की नवऱ्याने निवडणुकीत विरोधी उमेदवाराचे काम केले म्हणून? पोलिसांकडे गेली होती का? देशात दुसरीकडे सुरक्षित राहता आले असते का? करारातील पाच कारणांशी घटनेचा धागा जोडला नाही तर खरी कहाणीही फेटाळली जाते. आणि ही पाच कारणे तिला कोणी सांगितलेली नसतात.

३०/ त्यात भीतीने पोळलेली स्मृती क्रमवार चालत नाही. अत्याचार झालेली व्यक्ती पहिल्या भेटीत तो सांगत नाही. तिसऱ्या भेटीत सांगते. तारखा चुकतात, महिने सरकतात, दुभाषा एखादा शब्द निराळा लावतो. दोन जबान्यांतील विसंगती मग खोटेपणाची खूण मानली जाते. मदतनीसाचे खरे काम येथे आहे : घाई न करता ऐकणे, घटनांचा क्रम लावणे, मूळ भाषेतला शब्द तपासणे, दाखला असेल तर मिळवणे आणि नसेल तर तो का नाही हे लिहिणे.

३१/ संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाच्या १९७९ च्या मार्गदर्शिकेत हे मान्य केले आहे. पुराव्याचा भार अर्जदारावर असला तरी तथ्य शोधण्याचे काम तपासणाऱ्यानेही वाटून घ्यायचे असते. आणि कथन एकंदर विश्वसनीय असेल तर संशयाचा फायदा अर्जदाराला द्यायचा असतो. व्यवहारात मात्र अमेरिकेच्या स्थलांतर न्यायालयात आश्रय मागणाऱ्याला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. सरकारतर्फे मात्र वकील उभा असतो. शिवाय १९९६ च्या कायद्यापासून, अपवाद वगळता, अर्जाला आगमनापासून एका वर्षाची मुदत आहे.

३२/ मदतीवर आक्षेप असा घेतला जातो की, असे मदतनीस कहाण्या पढवतात, आणि खऱ्या निर्वासितांच्या आडून इतरही आत येतात. खोटे अर्ज होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पैसे घेऊन साचेबंद कहाणी विकणारे दलालही असतात. पण ते फोफावतात ते नेमके जेथे विश्वासार्ह मदत नसते तेथे. नीट लिहिलेला, तपासता येण्याजोगा अर्ज निर्णय करणाऱ्याचेही काम हलके करतो : खरे लवकर ओळखू येते आणि खोटे लवकर उघडे पडते.

३३/ शिवाय अर्ज लिहून देणे म्हणजे निकाल देणे नव्हे. आरोपीला वकील मिळाला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. त्याचे म्हणणे ऐकले गेले एवढेच ठरते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे मराठीत म्हणतात. निर्वासिताला ती पायरी न चढण्याची मुभा नसते. मग तेथे हात धरणारा कोणी असणे ही मेहरबानी कशी? सुनावणी खरी व्हावी यासाठीची ती किमान अट आहे.

३४/ भारताचे काय? भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी सर्वसमावेशक असा स्वतंत्र कायदाही केलेला नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ निर्वासितांचे काम सरकार पाहते. अफगाणिस्तान, म्यानमार अशा देशांतून आलेल्यांची नोंदणी आणि मुलाखती दिल्लीतील उच्चायुक्त कार्यालय करते. भारताने लाखोंना ठाव दिला हे खरे. परंतु कोणाला, कसा आणि किती काळ, हे बहुतांशी त्या त्या वेळच्या धोरणावर राहिले.

३५/ तरीही अर्जाचे मोल सांगणारा एक महत्त्वाचा निकाल भारतातलाच आहे. १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून चकमा आणि हाजोंग कुटुंबे आली. कप्ताई धरणाने अनेक चकमांच्या जमिनी बुडवल्या होत्या. त्यांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवण्यात आले. तीस वर्षांनंतर स्थानिक संघटनांनी ‘चालते व्हा’ अशा नोटिसा दिल्या. सुमारे ६५,००० लोकांचा प्रश्न राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सर्वोच्च न्यायालयात नेला.

३६/ येथे मागणी आश्रयाच्या पुढच्या टप्प्याची, म्हणजे नागरिकत्वाची होती. अडथळा मात्र ओळखीचाच होता. लोकांनी दिलेले अर्ज स्थानिक अधिकारी केंद्र सरकारकडे पाठवतच नव्हते. नकार नव्हता, निर्णय नव्हता. फक्त कागद पुढे सरकत नव्हता. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या २१ व्या कलमाचे संरक्षण नागरिक असो वा नसो, प्रत्येक व्यक्तीला आहे. अर्ज नोंदवहीत घ्या, केंद्राकडे पाठवा, आणि निर्णय होईतो अर्जदाराला हुसकावू नका.

३७/ त्यानंतरही काम झाले नाही म्हणून २०१५ साली न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. निकाल मिळणे आणि कागद हलणे यांत एवढे अंतर असते. ते अंतर कापायला कोणीतरी चिकाटीने कचेरीत जात राहावे लागते. १९४० साली लाँग यांनी ज्या दिरंगाईची शिफारस केली, तिच्यासाठी लेखी हुकूम लागतोच असे नाही; कोणी विचारणारे नसले की ती आपोआप वाढते.

३८/ शरणागताला अभय द्यावे हा संस्कार या भूमीत जुना आहे. मात्र पूर्वीचा शरणागत राजाच्या पायाशी येई, आजचा खिडकीशी येतो, आणि खिडकी अभय देण्यापूर्वी नमुना भरून मागते. म्हणून आजच्या काळात त्या संस्काराचा अर्थ बदलायला हवा. प्रत्येक अर्जदाराला त्याच्या भाषेतला दुभाषा, कायदा जाणणारा सहायक आणि लेखी, कारणांसह निर्णय मिळावा, हे कायद्याने ठरले पाहिजे. ओळख, कीर्ती किंवा अधिकाऱ्याचा चांगुलपणा यांवर ते सोडता कामा नये.

३९/ फ्राय १९६७ साली वारले तेव्हा त्यांचे काम फारसे कोणाला ठाऊक नव्हते. झ्वार्टेंडाइक १९७६ साली गेले. त्यांचा सन्मान त्यानंतर दोन दशकांनी झाला. सुगिहारा यांना १९४७ साली परराष्ट्र खाते सोडावे लागले होते. तिघेही मृत्यूनंतर किंवा अगदी उतारवयात मोठे ठरले. पण त्यांचे पुतळे उभारून भागत नाही. आज एखाद्या कचेरीत कोणी अनोळखी भाषेत आपली कहाणी सांगत असेल. ती कागदावर नीट उतरवून घेणारा माणूस समोर आहे की नाही, यावरच आपण १९४० पासून काही शिकलो का, हे ठरेल.

(धागा समाप्त)